पिंजऱ्याचं दार

सगळ्यात आधी एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालंय. आमच्या उमरखेडकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, त्यामुळे त्यात फार कौतुकाचं काही नाही. पण मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाहायला मला अजून मैत्रीण लागते. तरी हा लेख मी मराठी विभागालाच दिला. कारण ज्या घटनेबद्दल लिहायचंय ती मराठीत घडली. जीव घाबरला की कुणी इंग्रजीत ओरडत नाही!

विषय आहे शार्कपासून वाचायचा पिंजरा, तोही घरी केलेला, शेतातल्या प्लास्टिक पाइपचा. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते.

उमरखेडहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, इसापूर धरणाचा कॅनॉल आणि शेतातल्या विहिरी. एखाद्या शार्कला आमच्याकडे यायचंच असेल तर त्याने बंगालच्या उपसागरातून गोदावरीत शिरावं, धवळेश्वरमचा बंधारा ओलांडावा, पुढे प्राणहिता, वर्धा असं करत पैनगंगेत यावं आणि शेवटी सहस्रकुंडचा धबधबा चढावा. एवढं करून जो येईल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा. (नदीत शार्क ही अगदीच थट्टा नाही बरं का. बुल शार्क नावाची जात गोड्या पाण्यात शिरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला होता. पण ते समुद्राच्या जवळचं पाणी.)

मग माझ्या डोक्यात शार्क शिरला कसा? दोष माझ्या रूम पार्टनरचा. ती मालवणची. फर्स्ट इयरला एकदा घरी फोन करून आली आणि म्हणाली, "आज आमच्याकडे मोरी केली होती गं."

मी म्हटलं, "मोरी? म्हणजे घासली?"

"घासली, साफ केली, मसाला लावला आणि सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली!"

आमच्याकडे मोरी म्हणजे आंघोळीची, भांडी घासायची जागा. कोकणात मोरी म्हणजे छोटा शार्क. दोन दिवस मी तिच्याकडे संशयाने पाहत होते.

तर या मालवणकरणीनेच थर्ड इयरला, मेसच्या रांगेत उभ्या असताना, मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुणा हौशी मंडळींनी पांढऱ्या प्लास्टिक पाइपचा पिंजरा केलाय, एकजण त्यात बसलाय आणि बाकीचे त्याला समुद्रात सोडतायत. ती शार्क बघत होती. मी टी आणि एल्बो मोजत होते. हे तर आमच्या ठिबकचे पाइप! आमच्या वावरात बांधावर असे पाइप तीन वर्षं उन्हात पडलेत. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असताना माणसाला एक गर्व असतो, की जगात जे काही बनलंय ते आपण दिवाळीच्या सुटीत बनवू शकतो. तो गर्व घेऊन मी एसटीत बसले.

जाण्याआधी थोडं वाचलं होतं, ते इथेच सांगते. या पिंजऱ्याची गोष्ट जिथून सांगतात तो माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचा रॉडनी फॉक्स. ८ डिसेंबर १९६३ ला, पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत असताना, ग्रेट व्हाइट शार्कने त्याला छातीपाशी धरलं. ४६० च्या वर टाके पडले. बरा झाल्यावर हा गृहस्थ पाण्याला भ्यायला नाही. प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा पाहून त्याच्या मनात आलं, की इथे प्राणी आत आणि माणूस बाहेर आहे, समुद्रात याच्या उलटं का करू नये? त्यातून त्याचा पिंजरा तयार झाला. त्याच्या आधी कूस्तोच्या मंडळींनी १९५० च्या दशकात समुद्रात पिंजरे वापरले होते, पण लोकांना ओढ लावली ती फॉक्सने.

'जॉज' सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी कॉमन रूममध्ये पाहिला असेल. १९७५ चा. त्यातले खऱ्या शार्कचे शॉट दक्षिण ऑस्ट्रेलियात घेतलेत. शार्क मोठा दिसावा म्हणून पिंजरा लहान केला आणि त्यात ठेंगणा माणूस ठेवायचा होता. प्रत्यक्षात शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि त्याने पिंजऱ्याचा पार खुळखुळा केला. नशीब, त्या वेळी आत कुणीच नव्हतं. तो शॉट इतका जबरदस्त निघाला की पटकथाच बदलली आणि पिंजऱ्यात मरायचं ठरलेलं पात्र जिवंत ठेवलं!

आता आमच्या पिंजऱ्याकडे येते.

सामान असं: ६३ एमएमचे पीव्हीसी पाइप, वीस फुटी, आठ नग, बांधावरचे, फुकट. टी आणि एल्बो बसस्टँडजवळच्या मशिनरीच्या दुकानातून. सोल्यूशनचा एक डबा. एक्सो ब्लेड दोन, त्यातलं एक पहिल्याच दिवशी तुटलं. मजूर म्हणून माझा अकरावीतला चुलत भाऊ आणि त्याचे दोन मित्र. पिंजरा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट उंच. प्रत्येक बाजूला मध्ये तीन-तीन उभे पाइप.

पहिली अडचण कोपऱ्यात आली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तीन पाइप तीन दिशांनी एकत्र येतात. असा तीन तोंडी कोपरा शेतीच्या दुकानात मिळतच नाही, कारण शेतात पाणी असं कधी वळत नाही. मग एक टी, एक एल्बो आणि मध्ये पाइपचा तुकडा असं जोडून कोपरे केले. आठ कोपऱ्यांना अर्धा डबा सोल्यूशन गेलं. शेवटच्या बाजूला आलो तेव्हा डब्यात वाळलेली साय उरली होती. भाऊ म्हणाला, "ताई, ठोकून बसव, नंतर आणू सोल्यूशन." मी ठोकून बसवलं. हा जॉइंट लक्षात ठेवा.

दुसरी अडचण मला फार आवडली, कारण ती कागदावर सुटत होती. ६३ एमएमचा एक मीटर पाइप पाण्यात पूर्ण बुडाला तर साधारण तीन लिटर पाणी बाजूला सारतो. आमच्या पिंजऱ्यात एकूण ४८ मीटर पाइप. म्हणजे दीडशे लिटर. पाइपचं स्वतःचं वजन सगळं मिळून २६ किलो. आर्किमिडीज काकांच्या कृपेने, सगळ्या पाइपात हवा भरलेली राहिली तर पिंजरा सव्वाशे किलोच्या जोराने वर येणार. तोच पिंजरा पाइपात पाणी शिरू दिलं तर? पीव्हीसी पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड. तेव्हा तो फक्त सात-साडेसात किलोच्या जोराने खाली जाणार. एकच पिंजरा, एकच पाइप, आणि आत हवा आहे की पाणी एवढ्यावर तो फुग्यासारखा वर उसळणार की आरामात बुडणार हे ठरतं. मी हे गणित वहीत करून मोठ्या बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण हे करून काय राह्यली तू?"

आजी म्हणाली, "करू दे पोरीले. मागून त्याच्यात कोंबड्या ठेवू."

पाणी शिरावं म्हणून आम्ही तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडली, सगळी खालच्या पाइपांना. आणि इथे थर्ड इयर मेकॅनिकलची विद्यार्थिनी ते विसरली जे चौथीतलं पोरगं सांगेल: ग्लास उपडा करून बादलीत दाबला तर आत पाणी शिरत नाही, कारण हवेला जायला वाट नसते. वरच्या पाइपाला एकही भोक नव्हतं. उभ्या पाइपांमधली हवा तिथेच अडकली.

विहीर आमचीच. पायऱ्यांची, जुनी, दगडी. दिवाळीत तिला भरपूर पाणी असतं, दोन पुरुष तरी. पिंजरा सोडला तर तो ओंडक्यासारखा आडवा तरंगायला लागला. खरं तर तेव्हाच थांबून वरच्या पाइपाला चार भोकं पाडली असती तर काम झालं असतं. पण घरच्या घरी करायच्या कामाचा एक नियम आहे, की चूक सापडली की चूक काढायची नाही, तिच्यावर अजून काहीतरी बांधायचं! आम्ही खताच्या दोन पोत्यांत रेती भरून खाली बांधली. एक नायलॉनच्या दोरीने, एक सुतळीने. पिंजरा उभा राहिला, माथा पाण्याच्या बराच वर, डुलत. टाळ्या पडल्या.

भाऊ पट्टीचा पोहणारा. तो पायरीवरून दारातून आत गेला. दार एका बाजूला होतं, बाहेर उघडणारं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांची बिजागरी. बंद राहावं म्हणून बाहेरून बाइंडिंग तारेचा आकडा. बाहेरून का? कारण शार्क बाहेर असतो आणि दार आत उघडून चालत नाही, एवढाच विचार मी केला होता.

सुतळी ओली झाली, दगडावर घासली आणि तुटली. एक पोतं गेलं. पिंजरा कलंडला आणि दाराची बाजू विहिरीच्या भिंतीला जाऊन टेकली. आता आकडा काढला असता तरी उपयोग नव्हता, कारण दार उघडायला जागाच नव्हती. दुसरं पोतं एका टोकाला ओढत होतं, दुसरं टोक वर, आणि तो आत तिरपा, आधी डोकं खाली. गजांमध्ये साडेसहा इंचाची फट. त्यातून हात बाहेर येत होता. बाकी काही येणं शक्य नव्हतं.

किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. नंतर प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला. मी पायरीवर उभी होते आणि पाइप ओढत होते, म्हणजे ज्या बाजूने दार भिंतीला अजून घट्ट बसेल त्याच बाजूने. सालगडी काकांनी कपड्यांसकट उडी मारली. त्यांना गणित येत नाही. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी पिंजऱ्याला लाथा घातल्या. तिसऱ्या-चौथ्या लाथेला एक पाइप निसटला. तोच, वाळलेल्या सोल्यूशनचा, ठोकून बसवलेला. त्या जागेतून त्यांनी भावाला ओढून काढलं.

तो खोकला, पाणी ओकला, रडला. मग "मोठ्या बाबांना सांगू नका" म्हणाला. मोठे बाबा वर काठावरच उभे होते.

म्हणजे बघा. जो जॉइंट मी चांगला केला असता तर तो मेला असता, तो मी वाईट केला म्हणून वाचला. हे वाक्य मी गेले कित्येक महिने मनात घोळवतेय आणि अजून मला ते नीट गिळता येत नाही.

आता ज्याची मला खरी लाज वाटते ते सांगते. सुटीनंतर मिनी प्रोजेक्टची वेळ आली. माझ्याकडे वही तयार होती, फोटो तयार होते, गणित तर फारच सुंदर होतं. मी तोच पिंजरा सादर केला. विहिरीतली गोष्ट सांगितली नाही. व्हायवात छान प्रश्न आले. पाइप कुठल्या स्टँडर्डचा? आयएस ४९८५. दाब किती सहन करतो? जॉइंटची ताकद किती? शार्कच्या चाव्याचा जोर किती? हे मी पाठच केलं होतं: २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलं, की साडेसहा मीटरच्या जवळपासचा ग्रेट व्हाइट १८ हजार न्यूटनपर्यंत जोर लावू शकतो, म्हणजे सुमारे १.८ टन. "मग तुझा पाइप टिकेल का?" "नाही सर, म्हणून खरे पिंजरे स्टीलचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात. शिवाय थंड पाण्यात पीव्हीसी ठिसूळ होतं आणि उन्हात वर्षानुवर्षं पडलेलं तर आणखी." "खर्च?" "फिटिंगचाच, सर." सगळे हसले. मार्क चांगले पडले.

"आतला माणूस बाहेर कसा येणार?" हा प्रश्न कुणीच विचारला नाही. माझ्या गाइडनी नाही, वर्गातल्या मुलांनी नाही. आणि मी तर भावाला त्यातून ओढून काढताना पाहिलं होतं, तरी रिपोर्टमध्ये 'दार' या शब्दाखाली माझ्या फक्त दोन ओळी होत्या: रुंदी आणि उंची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याला ताकद मोजायला शिकवतात, दार मोजायला शिकवत नाहीत. आणि ज्या वस्तूत माणूस जाणार आहे तिचं ड्रॉइंग दारापासून सुरू व्हायला हवं. गज नंतर.

घरगुती जुगाडावर माझा राग आहे असं कृपया समजू नका. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आमच्या घरी अर्ध्या गोष्टी तारेने बांधलेल्या आहेत आणि उत्तम चालतात. ठिबकचा पाइप सायकलच्या ट्यूबने बांधला आणि सुटला तर काय होईल? हळदीच्या एका सरीला जास्त पाणी जाईल. मोठे बाबा शिव्या देतील. संपलं. पण त्याच पाइपाच्या आत माणूस बसवला की तो जुगाड राहत नाही. तेव्हा "चालून जातं" हे उत्तर देण्याचा हक्क बाहेर उभ्या असलेल्याला नसतो. टेक फेस्टमध्ये आपण दर वर्षी माणूस बसवायच्या गाड्या, माणूस उचलायच्या लिफ्ट, पाण्यावर चालायचे बूट यांना बक्षिसं देतो. बक्षिसं द्या, पण परीक्षकांच्या कागदावर एक रकाना वाढवा.

मोठमोठ्या लोकांनाही हे महागात पडून कळलंय. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो-१ ची जमिनीवर चाचणी चालू असताना आत आग लागली. तीन अंतराळवीर, ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी, आत होते. यानाचं आतलं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आगीने आतला दाब इतका वाढला की ते ओढणं माणसाच्या हातचं राहिलं नाही. चंद्रावर जाणारं यान बनवणारे लोक होते हो ते! पुढच्या यानाचं दार बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत उघडेल असं केलं. जून २०२३ मध्ये टायटॅनिक पाहायला गेलेली टायटन पाणबुडी चिरडली आणि पाच जण गेले. ती कार्बन फायबरमुळे गेली, दारामुळे नाही. पण तिचं झाकण बाहेरून बोल्ट लावून बंद करायचे, आतून ते उघडण्याची सोयच नव्हती, हे वाचलं तेव्हा मला माझा तारेचा आकडा आठवला.

शार्कच्या पिंजऱ्यांचंच पाहा. ते बहुधा माथ्यावर उघडतात. त्याचं महत्त्व मला आमच्या विहिरीनंतर कळलं. २०१६ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ एक ग्रेट व्हाइट आमिषामागे जोरात आला आणि गज तोडून पिंजऱ्यात घुसला. शार्कला मागे मागे पोहता येत नाही. बोटीवरच्या माणसाने माथ्यावरचं झाकण उघडलं, शार्क धडपडत वरून बाहेर पडला आणि थोड्या वेळाने आतला माणूसही धडधाकट वर आला. झाकण वर नसतं तर दोघंही आत राहिले असते. २०१९ मध्ये तिथेच एका शार्कचं डोकं गजांच्या फटीत अडकलं आणि तो रक्तबंबाळ होऊन मेला. त्याला मागे येता येत नव्हतं आणि पिंजरा करणाऱ्याने त्याच्या बाहेर पडण्याचा विचार केला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने तिथली ही पिंजऱ्याची सफर बंदच केली. हे वाचल्यावर मी आमची साडेसहा इंचाची फट आठवली. भावाला ती लहान पडली. शार्कच्या नाकाला कदाचित बरोबर बसली असती.

आता थोडं आपल्या हॉस्टेलबद्दल. संपादकांनी हा भाग कापू नये ही विनंती.

आपल्या लेडीज हॉस्टेलच्या प्रत्येक खिडकीला ग्रिल आहे, वेल्ड केलेलं, कुठेही न उघडणारं. मागच्या जिन्याच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लागतं. किल्ली वॉचमन काकांच्या खिशात आणि काका पुढच्या गेटवर. मी एकदा झोप येत नव्हती म्हणून तिसऱ्या मजल्यापासून मागच्या दारापर्यंत आणि तिथून उलट पुढच्या दारापर्यंत पावलं मोजली. दिवे चालू होते, धूर नव्हता, घाई नव्हती, जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी मला ते अंतर आवडलं नाही.

कुलूप का लागतं हे मला माहीत आहे. रेक्टर मॅडम रात्री दोनदा राउंड घेतात, कुणाच्या पोटात दुखलं तर स्वतः दवाखान्यात नेतात. त्यांच्यावर शे-दीडशे मुलींची जबाबदारी आहे. माझ्या आईने ॲडमिशनच्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "गेट किती वाजता बंद होतं?" आणि उत्तर ऐकून तिला बरं वाटलं होतं. मलासुद्धा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणजे आमच्या घरच्यांनी, मॅडमनी, सगळ्यांनी मिळून विचार केलाय तो बाहेरून कोण आत येईल याचा. माझ्यासारखाच. बाहेर शार्क आहे म्हणून बाहेरून आकडा.

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 'बॉर्डर' चालू असताना आग लागली, ५९ माणसं गेली. बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. त्या खुर्च्या ठेवणाऱ्याच्या मनात कुणाला मारायचं नव्हतं. त्याला दोन तिकिटं जास्त विकायची होती.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, जो सिव्हिलच्या मुलींना अभ्यासाला असतो, सरळ लिहिलंय की बाहेर पडायचं दार ज्या बाजूने माणसं येणार त्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. यात सुरक्षा आणि सुटका यांचं भांडणही नाही. पुश बार नावाचा आडवा दांडा असतो, मॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलाय. आतून ढकललं की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही. त्याला एक बेल जोडली की कुणी रात्री गंमत म्हणून दार उघडलं तर सगळं हॉस्टेल जागं होईल. मैत्रिणींनो, तेव्हा काय बोलणी बसतील ती बसतील! ग्रिलचंही तसंच. प्रत्येक मजल्यावर दोन खिडक्यांना बिजागरीचं ग्रिल लावा, आतून कडी. आपल्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शॉप आहे. फर्स्ट इयरची मुलं तिथे दर वर्षी लोखंडाचे तुकडे जोडतात आणि भंगारात टाकतात. त्याऐवजी बिजागऱ्या जोडायला काय हरकत आहे?

हे सगळं मी मॅडमना जाऊन सांगितलं. घाबरत घाबरत विहिरीची गोष्टही सांगितली. माझ्या गाइडनाही सांगितली, उशिरा का होईना. गाइड बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मार्क आता बदलता येत नाहीत, पण मी विचारायला हवं होतं." मॅडमनी वेगळंच विचारलं, "भाऊ कसा आहे?" भाऊ ठीक आहे. विहिरीत उतरतो, पण आता मी घरी असले की पायरीवरून एकदा माझ्याकडे बघून मग उडी मारतो. मग मॅडम म्हणाल्या, "तोंडी सांगू नकोस, ड्रॉइंग काढून दे, वर पाठवते."

ड्रॉइंग दिलंय. दोन पानी, सिव्हिलच्या दोघी आणि मी मिळून केलंय. दारापासून सुरू केलंय.

पिंजरा अजून आमच्या वावरात आहे. आजीने खरंच त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या, पण साडेसहा इंचाच्या फटीतून त्या एकामागे एक चालत बाहेर आल्या. आता त्यावर दोडक्याचा वेल चढलाय. निसटलेला पाइप मोठ्या बाबांनी परत बसवू दिला नाही.

मागच्या जिन्याचं कुलूप हा लेख लिहिताना तरी जागेवर आहे. अर्जावर आतापर्यंत ६१ सह्या झाल्यात. ज्यांच्या राहिल्यात त्यांनी रात्री जेवणानंतर कॉमन रूममध्ये यावं, पेन मी आणते. आणि मुलांच्या हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्या मागच्या दाराला काय आहे ते आज रात्री जाऊन बघा आणि मला सांगा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी